खडूची खूण

दादा, आम्ही टेमघर सोडलं त्या सकाळी माझ्या थोरल्याला, महेशला, गाडीत तूच बसवलंस. पाय उचलत नव्हता त्याचा, बोटं आत वळलेली. लहानपणी उचलायचास तसा काखेत हात घालून तू त्याला आत ठेवलास. तुझ्या सोनलने सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, वास येऊ नये म्हणून पेपरात गुंडाळून. तो काय लपतोय! बेंगळुरूपर्यंत सोबत आला. तू खिडकीत वाकून म्हणालास, "पोराला बरं करून आन बाय. सोनलच्या हळदीत त्यालाच पयला नाचवायचा हाय."

सोनल माझ्या धाकट्याला, नीलेशला, कधीचीच ठरलेली. बारशाला आत्या म्हणून तिच्या कानात नाव मीच सांगितलं, आणि लगेच सगळ्यांना सांगून टाकलं, ही माझी सून. आपल्यात भावाच्या लेकीवर पहिला हक्क बहिणीच्या घराचा. मी नाही का आत्याच्याच घरात पडले? बा म्हणायचे, रगत रगताला वलखतं.

महेशचं दुखणं आपण किती दिवस टेम्पोवर ढकललं. गोदामाच्या फेऱ्या, क्लचचा पाय, म्हणून आखडतो. मग हात थरथरायला लागला, चहा बशीत सांडायला लागला, आणि तिशीतला पोरगा म्हाताऱ्यासारखा पाय घासत चालू लागला. नीलेशची नोकरी इथे, मोठं हॉस्पिटल इथे, म्हणून आलो. वाटलेलं, दोन महिन्यांत परत. आता माझ्या तोंडात फिजिओ, अपॉइंटमेंट, टोकन बसलंय. शेजारची अम्मा रोज विचारते, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलात का. मी "आयतु" म्हणते, आणि घरात येऊन उगाच रडते. हे विचारायचं काम तुझं होतं ना.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी आमची रक्तं तपासून आम्हाला समोर बसवलं. शरीरात प्रथिनं बनतात, झिजतात, बिघडतात. बिघडलेल्यावर एक खूण चिकटवावी लागते, तिला युबिक्विटिन म्हणतात. खूण दिसली की पेशी तो माल मोडीत काढते. आणि कशावर खूण करायची ते ओळखून ती चिकटवणारे जे असतात, ते लायगेज. त्यांच्या शेकडो जाती, प्रत्येकाचं काम वेगळं. एक बिघडला तर कुणाला कॅन्सर होतो, दुसरा बिघडला तर कुणाचं मूल बोलायलाच शिकत नाही. महेशचा बिघडला त्याचं नाव पार्किन. पेशीला ताकद पुरवणाऱ्या बारीक बारीक भट्ट्या असतात म्हणे. त्या खराब झाल्या तरी त्यांच्यावर खूण पडत नाही, आतल्या आत धुमसत राहतात, आणि मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मरत जातात.

मी नुसती बघत राहिले. पण तुझ्या दाजींचा जन्म लूमच्या कारखान्यात कापड तपासण्यात गेलेला. उजेडासमोर तागा ओढायचा, तुटका धागा दिसला की खडूची खूण, मग तेवढा तुकडा चिंधीत. ते हळूच म्हणाले, "खराब माल सगल्यांचाच निघतो. आमच्या पोराकडं तपासनाराच न्हाय."

मग बाईंनी विचारलं, तुम्ही दोघं नात्यातले का? पार्किन बनवायच्या कृतीची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक चांगली असली की भागतं. माझं भागलं, यांचं भागलं. बिघडलेली प्रत एकाच आजा-आजीकडून आम्हा दोघांकडे आली, आणि महेशच्या पदरात दोन्ही बिघडलेल्याच पडल्या. नीलेशकडे एक निघाली. दादा, तुझ्याकडेही एक असेल. नसेलही. म्हणून तर फोन केला की सोनलचं रक्त तपासू, मग लग्न. तू म्हणालास, "शहरात जाऊन आमच्या रगतात खोट काढतेस?" तू तपासू दिलं नाहीस. मग लग्न मीच मोडलं.

परवा पडघ्याहून आपल्या धाकट्या शैलाचा फोन आला. सोनल तू तिच्या मुलाला दिलीस. इतकी खुशीत होती रे. शेवटी अवघडून म्हणाली, दादाचा राग हाय, तू हळदीला येऊ नको. नाही येत. पण शैलाच्या अंगातही तेच रक्त आहे, दादा.

कारखान्यात यांना कोणी चहाला हाक मारत नसे. ज्याच्या कापडावर खूण पडायची तो तोंड फिरवायचा. वाईट नाही वाटत का, असं मी विचारलं तर म्हणायचे, खडू हातात घेतला की हाक येत नाही. तेव्हा मी हसायचे.

महेशला आता मी भरवते. गोळीचा अंमल असतो तेवढा वेळ हात चालतो त्याचा, तेव्हा तो आधी फोन उचलून बघतो आणि विचारतो, मामाचा आला होता का? मी म्हणते, तिकडे रेंज नसेल.

घर म्हणजे काय, हे मला इथे येऊन कळलं. ज्या उंबऱ्याच्या आत माझा शब्द कुणाला लागतो, ते घर. तुला लागला, म्हणून तर रागावलास. तर अजून एकदा ऐक. दोघा पोरांचं रक्त तपासून घे. चांगलं निघालं तर वाजतगाजत लग्न लाव, मला कळवूही नकोस. वाईट निघालं तर लग्न थांबव, आणि शिव्या मला घाल. त्या उंबऱ्यावर माझं पाऊल पुन्हा पडलं नाही तरी चालेल. तुझ्या नातवाचं घासत पडू नये.