कटिंग मास्तरचा दुसरा अर्ज

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे 'मास्तर' म्हणत. कापणीच्या टेबलाशी आजवर पुरुषच उभे राहिले होते, त्यामुळे बाईसाठी वेगळा शब्द कुणी तयारच ठेवला नव्हता. तिचंही त्यावाचून काही अडलं नाही. बारा वर्षं ती कापडावर बाह्या, कॉलर, पाठ यांचे पुठ्ठ्याचे नमुने मांडत आली होती. कापड कमीत कमी वाया जाईल अशी मांडणी करायची, खडूने आखायची आणि मग यंत्राचं पातं फिरवायचं. मांडणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बत्तिसाव्या वर्षी तिने गणिताच्या कॉलेजात अर्ज केला. तिथे फक्त गणितच शिकवत, जागा चाळीस, वयाची अट नाही; निवड प्रवेश परीक्षा आणि निबंधावरून. शाळेत तिला गणित आवडायचं, पण वडील आजारी पडले, ती कामाला लागली आणि वह्या माळ्यावर गेल्या त्या गेल्याच.

"आता कशाला नसती उठाठेव?" दादा म्हणाला.

"तुम्ही नका करू. तिला करू द्या," वहिनी म्हणाली. विषय तिथेच मिटला.

प्रवेश मिळण्याची शक्यता वाढवून देतो म्हणणाऱ्या एका सल्लागाराकडे ती गेली. त्याने तिचा निबंध लिहून दिला. 'गणित हा माझा श्वास आहे' अशी सुरुवात होती. "कारखान्याचं मात्र कुठे लिहू नका," तो म्हणाला, "छाप पडत नाही." निबंध वाचून ती ओशाळली. पण जाणकार माणूस सांगतोय म्हणून तिने सही केली.

नकार आला, दोन ओळींचा.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती थेट कॉलेजात गेली. प्रवेशाचं काम बघणाऱ्या प्राध्यापक बाई खोलीचं दार उघडं ठेवून डबा खात होत्या.

"बाई, माझ्यात काय कमी पडलं तेवढं सांगा. मी वाद घालायला नाही आले."

बाईंनी डबा बाजूला सारला आणि फाइल काढली. "परीक्षेत बीजगणित कच्चं आहे. ते सुधारता येईल. पण हा निबंध... असे मी या वर्षी तीस वाचले. तुमचा श्वास आणि त्यांचा श्वास अगदी एकसारखा. तुम्ही काम काय करता?"

तिने सांगितलं. सांगता सांगता टेबलावरच्या कागदावर मांडणीही काढून दाखवली. "याहून कमी कापडात हा शर्ट बसायचाच नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"बारा वर्षांचा हात आहे माझा."

"म्हणजे तुम्हाला जमलं नाही. कुणालाच जमणार नाही, हे कशावरून?"

बसमध्ये बसल्यावर तिला राग आला, तो बाईंचा नव्हे, स्वतःचा. बारा वर्षं आपण ठासून सांगत आलो, आणि ते खरं आहे की नाही हे एकदाही तपासलं नाही!

वर्षभर रविवार बीजगणिताला दिला. कॉलेजने दिलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका ती घड्याळ लावून सोडवायची. चुकलेलं गणित आठवड्याने पुन्हा, कोऱ्या कागदावर. आणि मधल्या वेळात तो 'कशावरून' डोक्यात घोळत राहायचा. शर्टाचे तुकडे वाकडेतिकडे, त्यांच्याबद्दल काहीच पक्कं सांगता येईना. शेवटी तिने प्रश्न सोपा करून घेतला. कापड पाच वीत रुंद, तुकडे तीन वीत लांबरुंद चौरस. तुकडा तिरका ठेवायचा नाही, कारण कापडाचा उभा धागा सरळच राहावा लागतो.

स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्राचे चौरस कापून नणंद-भावजया बसल्या.

"एक वर सरकव, एक खाली सरकव. मधे जागा होईल की," वहिनी म्हणाली.

"सरकव तू. किती सरकवायचं ते सरकव."

वहिनीने चौरस वर ढकलला, खाली ढकलला. कुठेही ठेवला तरी कापडाचा मध्य त्याच्याखाली येतच होता. मास्तरने खडू घेतला आणि मधोमध लांब रेघ ओढली. प्रत्येक तुकडा या रेघेची तीन वीत खाणारच. दहा तुकडे तर रेघ तीस वीत. मग कापडाची लांबी तीस वितींहून कमी कशी असेल? कुणीही येवो!

"वहिनी, कुणालाच जमणार नाही!"

"एवढा आनंद कशाचा? जमलं नाही ना?" वहिनी म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

दुसऱ्या अर्जात तिने कारखाना लिहिला, टेबल लिहिलं, रेघ लिहिली. शर्टाचं मात्र अजून सिद्ध करता आलेलं नाही, हेही लिहिलं. परीक्षेत गुण बरे पडले, फार नाही. मुलाखतीला बोलावणं आलं.

"कापड सहा वीत असेल तर?" बाईंनी विचारलं.

"मग रेघेच्या दोन बाजूंना दोन ओळी बसतात. रेघ मोडली माझी."

"आणि सात?"

सल्लागार म्हणाला असता, काहीतरी बोलत राहा. ती फळ्यापाशी गेली. "माहीत नाही. दोन रेघा मारून बघू का?" पहिल्यांदा रेघा चुकीच्या जागी पडल्या. तिने पुसल्या, पुन्हा मारल्या. दुसऱ्या खेपेला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या रेघेवर येऊ लागला.

तिचं नाव प्रतीक्षायादीत सातवं लागलं. तिने मनाची तयारी केली, पुढच्या वर्षासाठी नवी वही आणली. वर्ग सुरू व्हायच्या दोन दिवस आधी कॉलेजातून फोन आला. पातं कापडात अर्ध्यावर होतं, म्हणून कापणी संपल्यावरच तिने तो घेतला. जागा मिळाली होती. ती तिथेच स्टुलावर बसून राहिली. मालकांनी अर्ध्या दिवसाची पाळी दिली. कुरकुरत दिली, पण दिली.

पहिल्या दिवशी वर्गात अठरा-अठरा वर्षांची मुलं भराभर माना डोलवत होती. घरी आल्यावर तिने वहिनीला सांगितलं, "वीस मिनिटं कळलं. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं."

"मग आज वीस मिनिटांचं तर पक्कं करून टाक," वहिनी म्हणाली आणि टेबलावरची भांडी उचलून तिला जागा करून दिली.