अक्कांची घाणेरी

जे. पी. नगरमधल्या आमच्या शेजारच्या अक्का फांदी मागणाऱ्याला कधी नाही म्हणत नाहीत. जास्वंद असो, मोगरा असो, ओल्या फडक्यात गुंडाळून देतात. फाटकाजवळच्या घाणेरीची फांदी मी मागितली, तेव्हा मात्र म्हणाल्या, "ती नको. दुसरं काही मागा."

मला रागच आला. पिवळ्या-गुलाबी फुलांचं ते झुडूप त्यांनी कातरून कातरून घागरीसारखं गोल केलंय. रोज कॉफी झाली की कात्री घेऊन त्याच्यापाशी उभ्या राहतात, त्याच्याशी बोलतात आणि कोमेजलेला प्रत्येक गुच्छ फळ धरायच्या आत कापतात. चुकून राहिलेली हिरवी फळं पदरात खुडून घेतात.

"बुलबुल हिच्या बिया नेतात," त्यांनी एकदा सांगितलं. "बन्नेरघट्ट्याच्या रानात बघा, सगळी हीच. गवताला जागा नाही."

"मग उपटून का नाही टाकत?"

"इतक्या वर्षांची आहे. कशी उपटू?"

गेल्या महिन्यात त्या लेकीकडे मुक्कामाला निघाल्या. झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. निघायच्या सकाळी पाहते तर अक्का घाणेरी पार बुंध्यापर्यंत छाटत होत्या.

"अहो, फुलं मी कापली असती की!"

"नसती कापली," कात्री पुसत त्या म्हणाल्या. "तुम्हाला आवडते ती."

रिक्षात बसल्यावर त्यांनी मला पुन्हा जवळ बोलावलं.

"तिलाही स्वल्प पाणी घाला हं."