घाटेकाका आणि इन्स्टॉलचं बटण

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधून जुनं सॉफ्टवेअर काढून टाकता येतं, किस्से मात्र निघत नाहीत. उलट दर परीक्षेला एखादा नवा येऊन बसतो. आणि बहुतेकांत आमचे लॅब असिस्टंट घाटेकाका असतातच. लॅबच्या दारात बूट काढायचे, हा त्यांचा नियम. त्यातून प्रिन्सिपलही सुटले नाहीत.

*

पूर्वी काका पेन ड्राइव्ह घेऊन, नुसत्या मोज्यांवर, एकेका मशीनपाशी जायचे. मग एक वेब पेज आलं. ब्राउझरमध्ये उघडायचं, हव्या त्या पॅकेजवर टिक करायची, 'इन्स्टॉल' दाबायचं. सगळ्या मशीनवर ते सॉफ्टवेअर आपोआप चढतं. प्रिन्सिपल खूश झाले. "अच्छा, तो अब घाटेजी क्या करेंगे?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांचं कंत्राट जूनमध्ये संपणार होतं, आणि वाढवायचं की नाही हे प्रिन्सिपलच ठरवणार होते.

*

काकांनी पहिल्यांदा बटण दाबलं आणि लगेच उठून एकेक मशीन बघत फिरायला लागले. मी म्हटलं, "काका, पेजवर हिरवी टिक आली की झालं."

"टिक तर पेजवर आहे, मॅडम. मशीनमध्ये काय आहे ते पाहून राहिलो."

*

आमच्याच विभागातल्या उपाध्याय सरांना साफसफाईची भारी हौस. एकदा त्यांनी पेजवरून एक 'फालतू' पॅकेज काढायला घेतलं. याच्याबरोबर आणखीही काही पॅकेजेस निघतील, चालेल का, असं पेजनं विचारलं. सरांनी न वाचताच होकार दिला. निघालेल्यांत खुद्द ते पेज चालवणारं पॅकेजही होतं!

सर बराच वेळ रिफ्रेश करत बसले. "नेट स्लो है," म्हणाले.

काकांनी पेज पुन्हा बसवलं, आणि त्यानंतर त्याचा पासवर्ड फक्त काकांकडे राहिला.

*

रांझी भागातल्या आपल्या घरी बसूनही काका पेज उघडतात. काकू एकदा मला म्हणाल्या, "पेज उघडलं की चपला दाराबाहेर. यांच्या ठीक आहे, माझ्या काहून?"

मी काकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "धूळ तिच्याही चपलेला असते न."

*

मे महिन्यातली प्रॅक्टिकल परीक्षा. काका रजेवर, भाच्याच्या मुंजीचे कपडे घ्यायला काकूंबरोबर बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेलेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पेपर दिला, तर त्याला लागणारं पॅकेज एकाही मशीनवर नाही. मुलं नुसती बसलेली.

"घाटेजी को आज ही जाना था?" प्रिन्सिपल म्हणाले. मला काकांची फार काळजी वाटली. मी फोन लावला.

"दोन मिनिटं द्या, मॅडम. मोबाइलवरून करून राहिलो."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, रस्ता तापलाय. इथे काहून काढता?"

थोड्या वेळात सगळ्या मशीनवर पॅकेज चढलं आणि परीक्षा सुरू झाली. काकांचं कंत्राटही पुढे वाढलं. मला मात्र आठवतं ते त्या दुपारचं बोलणं. मशीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडेना, म्हणून काका ऑटो करून आले. अनवाणी. लॅबच्या दारात प्रिन्सिपल उभे होते.

"घाटेजी, जूते कहाँ गए?"

"कोई ले गया, सर. लैब के बाहर ही उतारे थे."