दुपारची गोळी

काचेपलीकडे मोहितेसाहेब चष्मा पुसत होते. देशात लपलेले परक्यांचे हेर कसे हुडकायचे, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आज आमच्याच खात्यातले दोन अधिकारी त्यांची चौकशी करत होते, कारण आतली माहिती बाहेर फुटली होती. चष्मा पुसायची त्यांची ही लकब मी रोज पाहत आले होते. आज मात्र तिच्यातही मला काहीतरी दडलेलं दिसू लागलं. संशय आधी पाहणाऱ्याचे डोळे बिघडवतो.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांच्या पत्नी होत्या.

"अगं, हे मोबाइल उचलत नाहीत. जेवणानंतरची बीपीची गोळी घेतली का त्यांनी?"

"घेतली, वहिनी. मीटिंगमध्ये आहेत."

फोन ठेवला. वरिष्ठांची परवानगी काढली आणि गोळी, पाणी घेऊन आत गेले.

"तिचा फोन होता?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"काय सांगितलंस?"

"गोळी घेतली म्हणून."

त्यांनी गोळी तोंडात टाकली, पेलाभर पाणी सावकाश संपवलं.

"झालं. आता तू खोटं बोलली नाहीस."

समोरच्या अधिकाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला. साहेब दोषी आहेत का, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचं उत्तर ऐकू येण्याआधीच मी दार ओढून घेतलं.