न घेतलेल्या कर्जाची थकबाकीदार

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी येवल्याच्या त्या विणकर बाईंची केस मला आजही जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी नाशिकला सायबर पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांचा फोन आला. पैठणी विणणाऱ्या एका बाईंनी स्वतःचा माग घ्यायला कर्ज मागितलं होतं. अर्जदाराची जुनी कर्जं, हप्ते, थकबाकी पाहून बँकेचा संगणक क्रेडिट स्कोअर दाखवतो. बाईंचा स्कोअर पार तळाला गेलेला, नावावर मोबाइल ॲपची थकलेली कर्जं. "पण त्या म्हणतात, मी घेतलीच नाहीत. आणि मला ते खरं वाटतंय," शाखाधिकारी म्हणाले.

आमच्याकडे येणारा प्रत्येक थकबाकीदार हेच म्हणतो. मी बाईंना बोलावून जरा दरडावूनच विचारलं. त्या माझ्यावरच उखडल्या.

"सायेब, येवढा पैसा आसता तर दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं कशाला बसले आसते? मालक म्हातारा झाला, दिवाळीनंतर माग विकतोय. मंग मी कुठं जाऊ?"

माझा संशय तिथेच गळाला. "आधारसाठी अंगठा कुठं कुठं दिला, ताई?"

"रेशनला. आन् शिमकार्डाला. दुकानवाल्यानं दोनदा घेतला, पहिला उठला नाय म्हणे."

"शंका नाही आली?"

"रेशीम वढून बोटं गुळगुळीत झालेत आमची. रेशनला बी चार-चार येळा दाबावा लागतो."

मोबाइल दुकानदाराने नेमकं हेच हेरलं होतं. कंपनीकडून माहिती मागवली, तर बाईंच्या नावे त्याच दुकानातून एकाच दिवशी दोन सिमकार्डं निघालेली. कर्जांचे ओटीपी त्यातल्या दुसऱ्या सिमवर गेले होते.

दुकानदाराला चौकशीला आणलं. गडी बोलण्यात चलाख. मी आवाज चढवला नाही, चहा मागवला.

"बाईंना सिम किती दिली?"

"एकच, साहेब. देवाशप्पथ."

मी हवालदारांना खूण केली. त्यांनी त्या दुसऱ्या सिमचा नंबर लावला आणि दुकानदाराच्या पिशवीतला फोन वाजायला लागला. मग सगळं बाहेर आलं. "आधी छोटी कर्जं काढून हप्ते वेळेवर भरायचे. स्कोअर चढला की मोठं कर्ज उचलायचं आणि सोडून द्यायचं," हे सांगतानाही पठ्ठ्या स्वतःवर खूश होता! आणखी काही विणकर बायांची नावं निघाली. गुन्हा दाखल झाला. आमच्या तपासाची कागदपत्रं जोडून बाईंनी स्कोअर ठरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा ती कर्जं त्यांच्या नावावरून काढली गेली आणि स्कोअर सुधारला.

स्कोअरवर माझा राग नाही. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या बँकेने पारखून कर्ज द्यायलाच हवं. पण संगणक नावावरचे व्यवहार पाहतो. ते त्याच माणसाने केलेत का, हे कुणीतरी समोर बसवून विचारावं लागतं. शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, आम्ही विचारलं, याचा मला आजही अभिमान आहे.

दिवाळीनंतर म्हाताऱ्या मालकाने माग विकला, तो बँकेचं कर्ज मिळवून बाईंनीच घेतला. मी सहकुटुंब बघायला गेलो. शेजारची जागा झटकत बाई म्हणाल्या, "बसा सायेब. आता हितून मला ऊठ म्हननारं कुणी नाय."