एका दाराच्या दोन किल्ल्या

“खोटं बोलायचंय ना? मग उभं राहून बोला. खुर्चीत बसून काय खोटं बोलता!”

सिस्टर हे कुणालाही सुनवायच्या. गॅस एजन्सीतल्या कारकुनाला, टेलिफोन ऑफिसातल्या साहेबाला, एकदा मलाही. गंमत म्हणजे समोरचा माणूस खरंच उठून उभा राहायचा. मीसुद्धा राहिलो होतो. आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेल्या बाईच्या आवाजात ती ताकद असते.

मुंबईतल्या एका सरकारी इस्पितळातून त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा सगळा फंड ओतून त्यांनी माणिकपूरजवळ आमच्या इमारतीत, तळमजल्यावर, माझ्या समोरचं घर घेतलं. ते नव्वदच्या दशकातले दिवस. तुमच्यापैकी कुणी तेव्हा वसईत घर शोधलं असेल तर त्या जाहिराती आठवत असतील. स्टेशनपासून पाच मिनिटं. चोवीस तास पाणी. ती पाच मिनिटं कुणाच्या पायांनी, हे लिहिलेलं नसायचं. पाण्याचं तर विचारूच नका. आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी केळीची वाडी होती आणि वाडीत बावखल, म्हणजे बागेला पाणी पुरवणारं तळं. बिल्डरने भराव टाकून आधी ते तळं बुजवलं आणि मग त्याच्याच छातीवर उभं राहून आम्हाला चोवीस तास पाणी विकलं. या निर्लज्जपणाला आपल्याकडे विकास म्हणतात.

सिस्टर राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. एका दुपारी फाटकाशी टेम्पो थांबला. त्यातून दिनेश नावाचा तरुण उतरला, त्याची बायको सुजाता उतरली, आणि दोघांनी मिळून एका म्हाताऱ्या माणसाला उतरवलं. ते दिनेशचे वडील. त्यांची एक बाजू लुळी पडलेली. दिनेशने खिशातून किल्ली काढली, सिस्टरांच्या दाराला लावली, आणि ती फिरली! आतून सिस्टरांनी दार उघडलं.

“काकू, आमच्या घरात तुम्ही काय करताय?”

“तुमचं घर? मग इथे माझा कुकर का शिट्ट्या मारतोय?”

दोघांनी आपापले कागद आणले. दोघांचेही खरे. बिल्डर शेठने एकच घर दोघांना विकलं होतं.

दिनेशचा चेहरा मला आजही दिसतो. चाळीतली खोली विकून हे घर घेतलेलं. मागे फिरायला जागा नव्हती. तो ओरडू लागला, सुजाता रडू लागली. वरच्या मजल्यावरचे लोक कठड्याला टेकून बघू लागले. आता जुंपणार अशी सगळ्यांची खात्री होती. सिस्टर मात्र म्हाताऱ्या गृहस्थांकडे बघत होत्या. टेम्पोच्या चाकाला टेकून ते कसेबसे उभे होते.

“आधी आजोबांना आत घ्या,” त्या म्हणाल्या. “भांडू आपण, जरूर भांडू. पण एकमेकांशी नाही.”

दुसऱ्या दिवशी हे सगळे शेठच्या ऑफिसात गेले. शेठ भेटलाच नाही. मॅनेजरने एकेकाला वेगळं आत बोलावलं. दिनेशला म्हणाला, “म्हातारी एकटी आहे. जरा दम द्या, जाईल निघून.” सिस्टरांना म्हणाला, “मॅडम, त्यांना आत घेतलंत तीच चूक झाली. पोलिसांत द्या.” संध्याकाळी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात चहा पिताना दोघांनी एकमेकांना काय सांगितलं गेलं ते सांगितलं.

“बघा मास्तर,” सिस्टर मला म्हणाल्या, “आम्ही दोघं कोर्टात एकमेकांचे गळे धरून बसलो की हा मोकळा!”

माझं रक्त उकळलं. फसवायचं ते फसवायचं, वर फसलेल्या माणसांचीच झुंज लावायची!

मग एका घरात दोन बिऱ्हाडं सुरू झाली. खोलीत दिनेशचं कुटुंब, स्वयंपाकघरात सिस्टर. ओट्यावर दोन शेगड्या, दारावर दोन पाट्या. सिस्टरांना मासळीशिवाय घास उतरत नसे, आणि सुजाता माळकरी घरातली. “तू खिडकीकडे तोंड कर, मी बांगडा तळते,” अशी तडजोड झाली. आजोबांचे हातपाय सिस्टर रोज स्वतः हलवून घ्यायच्या, वर दरडावायच्या, “लाड नकोत. उचला पाय!” महिन्याभरात सुजाता त्यांना मावशी म्हणू लागली.

आणि रविवारी सकाळी मावशी-भाची नीटनेटक्या साड्या नेसून निघायच्या. घर बुक करायला मुंबईची गिऱ्हाइकं यायची ती रविवारी. शेठच्या ऑफिसात त्यांच्यासाठी मऊ सोफा होता. या दोघी त्यावर जाऊन बसायच्या. नवं जोडपं आत आलं की सिस्टर गोड आवाजात विचारायच्या, “घर बघायला आलात? छान. आम्हीही इथूनच घेतलं. दोघींनी. एकच.”

जोडपं चहा न घेताच परत फिरायचं.

मॅनेजरने हात जोडून पाहिलं, पंखा बंद करून पाहिला, शेवटी हवालदाराला बोलावलं. मी त्या दिवशी सोबत गेलो होतो. सिस्टर त्याला म्हणाल्या, “आम्ही गिऱ्हाईक आहोत. सोफा गिऱ्हाइकांसाठीच आहे ना?” हवालदाराने सगळी हकीकत ऐकली. मग टोपी काढली आणि हळूच विचारलं, “बाई, कुठली बिल्डिंग म्हणालात? माझंही याच शेठकडे बुकिंग आहे.”

पावसाळा आला, गेला, दिवाळी झाली, तेव्हा कुठे शेठ नमला. बाजूच्या सी विंगमध्ये एक घर देतो म्हणाला. चौथा मजला, लिफ्ट नाही. दिनेश लगेच जायला तयार झाला. सिस्टरांनी त्याला थांबवलं. “आजोबांना काय दोर लावून वर ओढणार? मी जाते.”

“मावशी, तुमचे गुडघे…”

“माझे गुडघे माझं ऐकतात.”

तर ही जिंकलेली लढाई. आमच्या इमारतीत कुणी पेढे वाटले नाहीत. आपल्याच हक्काचं घर मिळालं, तेही चार मजले वर, जिथे नळाला पाणी चढत नव्हतं. टँकर आला की सिस्टर खाली उतरायच्या. दिनेश धावत जाऊन त्यांच्या हातातली कळशी घ्यायचा. तो कामावर असला की त्या स्वतःच एकेका जिन्यावर टेकत वर जायच्या. असं बरीच वर्षं चाललं. मग गुडघे ऐकेनासे झाले.

त्यांनी घर विकायला काढलं. तेव्हा कळलं की सी विंगला भोगवटा प्रमाणपत्रच नाही. म्हणजे माणसं राहत होती, पण इमारत राहण्यायोग्य आहे असं सरकारदरबारी कुणी म्हटलंच नव्हतं. बँका कर्ज देईनात. दलाल म्हणाला, “मॅडम, तुम्ही फक्त गप्प बसा. गिऱ्हाईक मी पटवतो.” पण सिस्टर आलेल्या प्रत्येकाला चहा द्यायच्या आणि सगळं सांगायच्या. पाणी चढत नाही, कागद अपुरे आहेत, पावसात भिंत गळते. माणसं आभार मानून निघून जायची. लबाडाची घरं आठवड्यात खपत होती, आणि या बाईचं घर खरं बोलल्यामुळे पडून होतं.

सुजाता म्हणाली, “मावशी, खाली आमच्याकडे या.” त्या नाही म्हणाल्या. कुडाळकडे भाचा होता, त्याच्याकडे गेल्या. जाताना दिनेशने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी बघून सिस्टर म्हणाल्या, “रडता काय? हे पाणी टाकीत सोडा.”

वर्षभरात त्या गेल्याची बातमी आली. भाचा एका रविवारी आला, दलालाला भेटला आणि त्याच संध्याकाळी घर विकून परत गेला. आम्हाला ते कळलं नंतर.

परवा सकाळी आवारातल्या नळावर एक अनोळखी तरुण दोन बादल्या भरत होता. सी विंगच्या चौथ्या मजल्यावर, सिस्टरांच्या घरात नुकताच राहायला आलेला.

“काका, इथे पाणी नेहमीच असं असतं का? दलाल म्हणाला, मोटर बिघडलीय, दोन दिवसांत होईल.”

“नेहमीच असं असतं,” मी म्हणालो.

त्याने नळ बंद केला. मी त्याच्याजवळची एक बादली उचलली. दुसरी त्याने घेतली, आणि एकेका जिन्यावर टेकत आम्ही त्या चौथ्या मजल्यावर नेल्या.