हत्यार हवेत नको

थोरल्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. एक, हत्यार हवेत नाचवणारी. दुसरे, थोरले स्वतः. दुसऱ्या प्रकारात आणखी कुणाला जागा द्यावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

आता हत्यार हवेत नाचवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. थोरले पितळी पाट्या कोरायच्या कारखान्यात मशीनवर होते. मशीन कॉम्प्युटरवर चालतं. पेन्सिलीच्या टोकासारखं एक धारदार बिट गरगरत खाली येतं, पत्र्यात एक रेघ कोरतं, वर उचललं जातं, हवेतून पुढच्या रेघेपाशी जातं आणि पुन्हा खाली. कोरण्याचा वेळ कामाचा, हवेतला वेळ फुकटचा. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, कुठून शिरायचं, कुठून बाहेर पडायचं, हे माणसाने आधी जुळवून द्यायचं. त्याला पाथ लावणं म्हणतात, आणि थोरल्यांची उभी हयात त्यात गेली होती.

कॉम्प्युटर आपला आपणही पाथ लावून देतो. पण तो पडद्यावर आला की थोरले नाक मुरडत. "हा बघा शहाणा! शेजारची रेघ सोडून चालला दुसऱ्या टोकाला. भाजी आणायला पाठवावं तर हा आधी जाऊन न्हाव्याकडे बसणार!" मग खुर्ची ओढून ते एकेक रेघ नव्याने जुळवत. एक संपली की तिच्या टोकाशीच दुसरी सुरू झाली पाहिजे. आणि खोटं कशाला बोला, जमायचंही त्यांना. त्यांचा पाथ चालताना बघत राहावंसं वाटे. पण बघायला कुणी थांबत नसे, कारण थांबलं की शिकवणी सुरू.

घरीही तीच तऱ्हा. बायको बाहेरच्या खोलीत चहाचा कप देऊन परत निघाली की हे विचारत, "रिकाम्या हाताने चाललीस?"

"मग काय, तुम्हाला उचलून नेऊ?" ती म्हणे.

एकदा घरातल्या खुर्च्या डुगडुगायला लागल्या. दुसऱ्या कुणी एकेक घेऊन ठोकून दिली असती. पण थोरले ते थोरले! त्यांनी सगळ्या खुर्च्यांचे पाय एकदम काढले. आधी सगळे पाय घासायचे, मग सगळ्यांना गोंद, मग सगळ्यांना पॉलिश. म्हणजे प्रत्येक अवजार हातात एकदाच. नेमके त्याच दिवशी लेकीचे सासू-सासरे न सांगता आले. व्याही दाराच्या पायरीवर बसले, विहीणबाई उभ्याच राहिल्या. ते गेल्यावर बायकोने कपाळावर हात मारला. "एक ना धड, भाराभर चिंध्या! अहो, एक तरी खुर्ची पुरी करायची होती!"

"लोकांनी विचारून यावं," थोरले म्हणाले. काही चुकलं असेल अशी शंकाही त्यांच्या मनाला शिवली नाही.

कारखाना त्यांच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. मेहुण्याला थोरले मनातून दुकानदार म्हणत, आणि त्यांच्या लेखी ती शिवी होती. पण खरा तिटकारा राखून ठेवला होता तो सख्ख्या भावासाठी. धाकटा शेजारच्याच मशीनवर होता. त्याचं काम बघताना थोरल्यांचं डोकं फिरे. धाकटा पत्र्यावरची एक पाटी घेई आणि ती पुरी करी. बारीक बिटाने बारीक अक्षरं, मग बिट बदलून मोठं नाव, मग मशीन बंद. पत्र्याचे कोपरे अंगठ्याने दाबायचे, हातावर हात चोळायचा आणि चहा घ्यायचा. मग दुसरी पाटी. पुन्हा बिट बदल, पुन्हा चहा.

"बिट बदलतोस की कपडे?" थोरले ओरडत. "सगळ्या पाट्यांचं बारीक काम एकदम उरकावं, मग सगळ्यांचं जाड. एवढंही कळत नाही?"

"कळतं ना दादा," धाकटा म्हणे. "पण अर्धी पाटी टाकून चहा गोड लागत नाही."

झालं! एवढंच त्याचं शास्त्र. कुणाला वाटेल, शांत माणूस, काही खोल विचार असेल. छे! चहा, दुसरं काही नाही. थोरले त्याला इतक्या वेळा मूर्ख म्हणत की तो त्या शब्दाला नावाने हाक मारल्यासारखी मान हलवी.

मग मेहुण्याने मोठं मशीन घ्यायचं ठरवलं. जुनी दोन्ही विकायची आणि नव्यावर एकच माणूस ठेवायचा. दुसऱ्याने पॅकिंगच्या टेबलावर बसून पाट्या कागदात गुंडाळायच्या. थोरले त्याच दिवशी मेहुण्याच्या केबिनमध्ये शिरले. "त्याला पॅकिंगला बसव. गुंडाळण्यात काही बिघडवता येत नाही."

मेहुणा कानकोंडा झाला. शेवटी म्हणाला, "भाऊजी, नव्या हॉस्पिटलच्या पाट्या आहेत. उद्या दुपारी गाडी निघणार, परवा उद्घाटन. ही शीट तुम्ही काढा. नीट उतरली की नवं मशीन तुमचं."

"आणि नाही उतरली तर मी बसतो पॅकिंगला," थोरले हसून म्हणाले. मेहुणा हसला नाही. धाकट्याला हे कळलं तेव्हा त्याने पॅकिंगच्या टेबलाजवळ किटलीसाठी प्लग आहे का, एवढंच विचारलं. असल्या माणसाची कीव तरी किती करायची!

थोरल्यांनी पाथ लावला तो असा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. हॉस्पिटलच्या सगळ्या दारांच्या पाट्या एकाच पितळी पत्र्यावर. आधी बारीक बिटाने सगळ्या डॉक्टरांच्या पदव्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मग त्याच बिटाने सगळ्या मोठ्या नावांच्या नुसत्या कडा. मग एकदाच बिट बदलायचं आणि जाड बिटाने कडांच्या आतलं पितळ काढून अक्षरं पुरी खोल करायची. सकाळी मशीन सुरू झालं. बिट उचललं गेलंय हे कळेपर्यंत ते पुन्हा कामाला लागलेलं असे. कारखान्यातली माणसं गोळा झाली. थोरले हात मागे बांधून उभे होते, आणि त्यांची नजर यंत्रावर कमी, माणसांवर जास्त होती.

धाकटा कप घेऊन आला. पत्रा खालच्या फळीला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेला असतो. धाकट्याने वाकून बघितलं. "दादा, कोपरा सुटतोय वाटतं. टेप तापली असेल. जरा थांबवून दाबून घेऊ का?"

"हात मागे घे! थांबवायचं म्हणजे बिट हवेत. तू चहा पी."

धाकटा गेला. नावांच्या कडा झाल्या आणि बिट बदलायला मशीन थांबलं. आता काही अडचण नव्हती. थोरल्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. तो किंचित उचललेला होता, त्यांना स्वच्छ दिसलं. अंगठ्याने दाबला असता तर बसला असता. पण धाकटा समोरून बघत होता, कपावरून. आता दाबायचं म्हणजे मूर्खाचं ऐकलं असं झालं असतं. थोरल्यांनी जाड बिट बसवलं आणि बटण दाबलं.

जाड बिट पत्र्याला जोर लावून ओढतं. पहिल्याच नावाच्या पोटात ते शिरलं, कोपरा उचलला गेला आणि सगळा पत्रा कर्कश आवाज करत बाजूला फिरला. बटण दाबेपर्यंत बिटाने एक वेडीवाकडी रेघ ओढलीही होती. रेघ गेली होती एकाच पाटीवरून. पण जागचा हललेला पत्रा पुन्हा केसाच्याही फरकाशिवाय तिथे बसत नाही, आणि कडांच्या आत बिट घालायचं तर तो तसाच बसावा लागतो.

मेहुणा धावत आला. बाहेर गाडी उभी होती. "किती झाल्या?"

"तसं बघितलं तर बरंचसं काम झालंय," थोरले म्हणाले. "पदव्या सगळ्यांच्या आहेत. नावांच्या कडा सगळ्यांच्या..."

"भाऊजी, पुऱ्या किती?"

थोरल्यांनी पत्र्याकडे बघितलं. सगळी नावं पोकळ. त्यांना एकदम पायरीवर बसलेले व्याही आठवले.

"एकही नाही," ते म्हणाले.

हॉस्पिटलचं उद्घाटन दारावर कागद चिकटवून झालं. मेहुण्याने फक्त पॅकिंगचं टेबल पुसून घेतलं. घरी बायकोने सगळं ऐकलं, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, "बसा. ही पुरी आहे."

पाट्या नव्या पत्र्यावर धाकट्याने केल्या. पहिली पाटी तो एका हातात, कप दुसऱ्या हातात, असा घेऊन आला. "दादा, ही झाली."

थोरल्यांनी पाटी खिडकीपाशी नेली. ह्याने बिट किती हवेत फिरवलं असेल, कुठून कुठे उगाच पळवलं असेल, ते शोधायला त्यांनी ती तिरकी करून बघितली, उलटी करून बघितली. नाव होतं, पदवी होती. बिट कुठल्या वाटेने आलं आणि कुठल्या वाटेने गेलं, त्याची खूण कुठेच नव्हती. त्यांनी स्वतः केलेली जुनी पाटी काढून शेजारी धरली. त्यांच्याही पाटीवर ती नव्हती. इतकी वर्षं त्यांनी घासून-पुसून लावलेली वाट कुणाच्याही दारावर कधीच दिसली नव्हती.

"मूर्ख," थोरले म्हणाले.

धाकट्याने सवयीने मान हलवली आणि तो मशीनकडे परत गेला. हा शब्द त्याच्यासाठी नव्हता. पण ते त्याला सांगायला थोरल्यांची जीभ उचलली नाही. त्यांनी कागद ओढला आणि पाटी गुंडाळली.